बिएन होआच्या गाळात उरलेले विष

दक्षिण व्हिएतनाममधील बिएन होआ या शहरातल्या काही रहिवाशांचे रक्त तपासले असता, त्यात डायॉक्सिन या विषाचे प्रमाण हनोईतील लोकांच्या तुलनेत शंभरपटीहूनही अधिक असल्याचे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. युद्धकाळात अमेरिकेने केलेली तणनाशकांची फवारणी थांबल्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या आणि त्या शहरात पुढे राहायला आलेल्या माणसांच्या रक्तातही हे विष वाढलेले होते. ज्यांनी फवारणीची विमाने कधी पाहिलीच नव्हती, त्यांच्या शरीरात ते कोठून आले?

व्हिएतनाम युद्धात, 1962 ते 1971 या काळात, अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनामवर 7 कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. गनिमांना आडोसा देणारी जंगले उघडी पाडणे आणि त्यांच्या अन्नाची पिके नष्ट करणे, असा या फवारणीचा दुहेरी हेतू होता. पिंपांवरील नारिंगी पट्ट्यामुळे ‘एजंट ऑरेंज’ म्हणून ओळखले गेलेले मिश्रण त्यात सर्वाधिक वापरले गेले. त्यात 2,4-डी आणि 2,4,5-टी ही दोन रसायने जवळपास सारख्या प्रमाणात होती. यांपैकी ‘टू-फोर-डी’ हे नाव महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना परिचित आहे. दोन्ही रसायने वनस्पतीतील वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात, त्यामुळे रोपाची वाढ बेताल होऊन पाने गळतात आणि ते मरते. ही रसायने स्वतः मातीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विघटित होतात. दीर्घकाळ टिकणारे विष वेगळे होते. 2,4,5-टी तयार करताना, विशेषतः तापमान प्रमाणाबाहेर वाढल्यास, टीसीडीडी नावाचे डायॉक्सिन अशुद्धी म्हणून निर्माण होत असे. ते कोणालाही हवे नव्हते, पण युद्धाची मागणी पुरवण्याच्या घाईत ते पिंपांत राहिले.

पानाच्या पृष्ठभागावर पडलेले टीसीडीडी सूर्यप्रकाशात बरेच लवकर नष्ट होते. मातीच्या थराखाली किंवा तळ्याच्या गाळात मात्र ते कित्येक दशके टिकते. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तर गाळाच्या कणांना चिकटून राहते. गाळात चरणारे मासे आणि बदके ते आपल्या चरबीत साठवतात, तेथून ते माणसाच्या चरबीत उतरते आणि मातेच्या दुधावाटे बाळापर्यंत पोहोचते. माणसाच्या शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 7 ते 11 वर्षे लागतात. पेशीतील एका ग्राहक-प्रथिनाला ते घट्ट चिकटते आणि अनेक जनुकांचे काम चुकीच्या वेळी सुरू करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली त्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. बिएन होआचा विमानतळ हे पिंपांच्या साठवणुकीचे आणि विमानांत रसायन भरण्याचे मोठे केंद्र होते, तेथे गळतीही झाली होती आणि आसपासच्या तळ्यांतील मासे लोक वर्षानुवर्षे खात आले होते.

जंगलांपैकी कांदळवनांची हानी सर्वांत झपाट्याने झाली, कारण तेथील झाडे एकाच फवारणीत मरत. हो चि मिन्ह शहराजवळच्या कान झ्योच्या उजाड खाड्यांमध्ये 1978 पासून स्थानिक लोकांनी चिखलात उभे राहून हाताने रोपण केले आणि 2000 साली युनेस्कोने त्या वनाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. डोंगराळ भागात मात्र जंगलाच्या जागी दर्भासारखे उंच, धारदार गवत माजले. त्याला लोक ‘अमेरिकी गवत’ म्हणतात.

माणसांच्या बाबतीत वाद अधिक कठीण आहे. डायॉक्सिनमुळे प्राण्यांच्या गर्भात विकृती निर्माण होतात हे प्रयोगांनी दाखवले आहे. 1969 साली उंदरांवरील अशाच निष्कर्षांमुळे 2,4,5-टीविषयी चिंता वाढली आणि 1970 मध्ये अमेरिकी सैन्याने एजंट ऑरेंजचा वापर थांबवला. परंतु एखाद्या विशिष्ट बालकाचे व्यंग याच विषामुळे आले, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. या अनिश्चिततेचा निवाडा दोन देशांसाठी दोन पद्धतींनी झाला, हे मला न्याय्य वाटत नाही. अमेरिकेने 1991 च्या कायद्यान्वये व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकांचा या रसायनांशी संपर्क आला होता असे गृहीत धरले, आणि पुढे स्पायना बिफिडा या कण्याच्या जन्मजात व्यंगासह जन्मलेल्या त्यांच्या मुलांनाही साहाय्य मंजूर केले. व्हिएतनामी पीडितांनी उत्पादक कंपन्यांविरुद्ध दाखल केलेला दावा मात्र 2005 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने फेटाळला.

शुद्धीकरण उशिरा सुरू झाले. दा नांग या व्हिएतनाममधील दुसऱ्या शहराच्या विमानतळावर 2012 ते 2018 या काळात, अमेरिकेच्या निधीतून, सुमारे 90,000 घनमीटर दूषित माती आणि गाळ बंदिस्त रचनेत भरून 300 अंश सेल्सिअसच्याही वर तापवण्यात आला, कारण एवढ्या उष्णतेतच डायॉक्सिन मातीपासून सुटते आणि त्याचे विघटन होते. बिएन होआचे काम 2019 साली हाती घेण्यात आले आणि तेथे उपसायची दूषित माती अंदाजे 5 लाख घनमीटर, म्हणजे दा नांगच्या पाचपटीहून अधिक आहे.