भरीत आपलं, मग होकार कुणाचा?

थंडी पडली की जळगावकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यावर पांढऱ्या रेघांची, हिरवट, मुठीत न मावणारी वांगी भाजायची. साल करपून सुटली की लोण्यासारखा गर निघतो. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका जाळाजवळ मावशी भाजण्याआधी एकेक वांगं फिरवून पाहत होत्या. देठाजवळ बारीक छिद्र दिसलं की वांगं बाजूला. त्यांना बीटी वांग्याची, म्हणजे अळी लागू नये म्हणून जनुक बदललेल्या वांग्याची गोष्ट सांगितली, तर हात थांबवून म्हणाल्या, "आमाले कोनं इचारलं व्हतं?"

वांग्यातली ही शेंडा व फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो, आणि ते औषध वांग्यासोबत बाजारात येतं. बीटी वांग्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्यात आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी वातावरण असतं. तिथे ते प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं, भोकं पाडतं आणि अळी मरते. माणसाचं पोट आम्लधर्मी असतं आणि आपल्या आतड्यात ते प्रथिन धरून ठेवणाऱ्या जागा नसतात. शिवाय जाळावर भाजताना प्रथिनाची घडी मोडते. हे सगळं मावशींना सहज कळलं.

केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने 14 ऑक्टोबर 2009 रोजी या वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी 2010 मध्ये सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातली एकमेव सुनावणी नागपुरात झाली. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी तिथल्या शेतकऱ्यांच्या हाती रोपं पडली. स्थगिती बरोबर होती की चूक, यावर आजही भांडणं होतात. मला सलतो तो क्रम. आधी मंजुरी आणि मग लोकांना विचारणं, म्हणजे लग्न ठरवून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखं आहे.

"विषारीपणा तपासणं हे प्रयोगशाळेचं काम, त्यात गिऱ्हाइकाला काय कळणार?" हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचा पहिला भाग खराच आहे. उंदरांवरच्या नव्वद दिवसांच्या चाचणीचा निकाल मतदानाने ठरवता येत नाही. पण कोणती चाचणी करायची, किती काळ करायची, तिची कच्ची माहिती कुणाला पाहता येईल, जुन्या जातीत परागकण गेले तर काय, बी दुसऱ्या वर्षी ठेवता येईल का, हे प्रश्न उंदीर विचारत नाहीत. ते खाणाऱ्याने आणि पिकवणाऱ्याने विचारायचे असतात. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. ते वांगं उद्या तसंच राहील का, हे विचारण्याचा पहिला हक्क इथल्या चुलीचा आहे.

लेबल लावा म्हणजे झालं, असंही नाही. 2013 पासून पाकिटबंद मालावर जनुकीय बदलाची नोंद करण्याचा नियम आला. पण वांगं पाकिटात येत नाही, ते आठवडे बाजारात गोणपाटावर ढिगाने येतं. सरकीच्या तेलाचं आणखी वेगळं. 2002 मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि बघता बघता खानदेशची कपाशी बीटी झाली. त्याच सरकीचं तेल आपण तळणीला वापरतो, पेंड म्हशीला घालतो. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून आरोग्याचा धोका मला त्यात दिसत नाही. तरी कापूस मंजूर करताना आपण तो खाणार आहोत, हे आपल्याला कुणी धड सांगितलंही नव्हतं.

डेन्मार्कने 1987 मध्ये एक वाट दाखवली. शेतीतल्या आणि उद्योगातल्या जनुक तंत्रज्ञानावर त्यांनी साध्या नागरिकांचा छोटा गट बसवला. त्यांना आधी वाचायला साहित्य आणि वेळ दिला. मग त्यांनी तज्ज्ञांना समोर बसवून प्रश्न केले आणि अहवाल स्वतः लिहिला. असा गट यावलला किंवा शहाद्याला बसवायला काय लागतं? एक भाजीवाली, एक खानावळवाला, केळीच्या बागेतली मजूर बाई, फवारणी करणारा तरुण, शाळेत पोषण आहार शिजवणारी ताई. आणि सगळी चर्चा मराठीत, अहिराणीत.

घाई एवढ्यासाठी की नवं तंत्रज्ञान थांबलेलं नाही. बाहेरचं जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक दुरुस्ती करणाऱ्या जनुक संपादनाच्या काही प्रकारांना मार्च 2022 मध्ये केंद्राच्या त्याच जनुकीय अभियांत्रिकी समितीच्या मंजुरीतून सूट मिळाली. मे 2025 मध्ये अशा भाताच्या दोन जाती जाहीरही झाल्या. पाणी वाचवणारं किंवा खारपड जमिनीत तगणारं पीक मला हवंच आहे. पण जी सुनावणी वांग्याला उशिरा का होईना मिळाली, तेवढीही या वाटेवर नाही.

मावशींनी शेवटचं वांगं जाळावर ठेवलं आणि विचारलं, "बी घरचं ठेवता आलं असतं का त्याचं?" बीटी वांग्याच्या संकरित जातींचं नाही, पण कृषी विद्यापीठांनी केलेल्या सरळ जातींचं ठेवता आलं असतं. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग हे आधी सांगाले पाह्यजे व्हतं."