ब्रेक लागतो, पण दोन फेऱ्यांनंतर

चढउतारांच्या शहरात पावसात सायकलींचा गट निघाला की सगळ्यांना काळजी चढांची असते, कारण दम तिथे लागतो. पण चढावर वेग असतो ताशी आठ-दहा किलोमीटर. तिथे घसरलंच तर सहसा गुडघ्याच्या खरचटण्यावर भागतं. हिशेब चुकतो तो उतारावर. तिथे ब्रेक कमी लागतो, त्यापेक्षा तो उशिरा लागतो ही जास्त मोठी अडचण आहे.

रिम ब्रेकमध्ये रबरी पॅड थेट रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, दाबले जातात. रिम ओली असेल तर पॅडना आधी पाण्याचा थर पुसून काढावा लागतो आणि त्यात चाकाच्या एक-दोन फेऱ्या जातात. चिखल असेल तर आणखी. 700सी मापाच्या (रस्त्यावरच्या सायकलींच्या नेहमीच्या) चाकाची एक फेरी म्हणजे सुमारे 2.1 मीटर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर चारेक मीटर सायकल जवळजवळ तशीच धावते. ब्रेक लागत नाही म्हणून माणूस घाबरून लिव्हर आणखी आवळतो. तेवढ्यात रिम पुसली जाते, पॅड एकदम पकडतात आणि चाक लॉक होतं.

आता आकडे मांडू. वेग ताशी 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 8.3 मीटर. कोरड्या सपाट रस्त्यावर एक सेकंद प्रतिक्रियेला गेला आणि मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे ‘जी’च्या, निम्मं मिळालं, तर सायकल साधारण 15 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर मंदन 0.3 जी धरा. उतार 8 टक्के असेल तर त्यातले 0.08 जी उतारच खातो, हाती उरतात 0.22. प्रतिक्रियेचे 8.3 मीटर, रिम पुसण्याचे 4.2 आणि प्रत्यक्ष थांबण्याचे 16, अशी बेरीज 29 मीटरच्या आसपास जाते. तोच उतार ताशी 20 किलोमीटरने उतरलं तर 17 मीटर पुरतात.

त्यामुळे ओल्या उतारावर थांबायची वेळ येण्याआधीच रिम पुसत राहायची: दर काही सेकंदांनी पॅड हलकेच टेकवायचे, वेग कमी करण्यासाठी नव्हे, नुसते टेकवायचे. स्टीलच्या जुन्या रिम असतील तर पावसात उतारांचा रस्ता टाळलेलाच बरा. ओल्या स्टीलवर रबर फारच वाईट घसरतं. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्याशी, जमिनीपासून उंच असते, तिला छिद्रं असतात आणि कडक पॅड तिच्यावर खूप जास्त दाबाने बसतात. त्यामुळे तिथे हा उशीर नगण्य असतो. मात्र चकतीला चेनच्या तेलाचा हात लागला, तर हा फायदा पाण्यात जातो.

पुढचा ब्रेक की मागचा? कोरड्यात जोरात ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक जवळपास हलकं होतं, म्हणून सगळं काम पुढचा ब्रेक करतो. ओल्यात मंदनच कमी असल्याने वजन तेवढं सरकत नाही. मागच्या चाकावर भार उरतो आणि मागचा ब्रेक खरोखर उपयोगी पडतो. दोन्ही ब्रेक सारखे आणि हळूहळू दाबावेत. मागचं चाक घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं, पुढचं घसरलं तर आपण आडवेच.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं: चिकटून, आणि खडीच्या बारीक टोकांवर दबून. पाणी पहिला प्रकार जवळजवळ संपवतं, दुसरा शिल्लक राहतो. म्हणूनच खडबडीत डांबर ओलं असतानाही बऱ्यापैकी साथ देतं, पण रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि गुळगुळीत फरशी मुळीच देत नाहीत. तिथे दाबायला टोकंच नसतात. टायरच्या हवेत थोडी, साधारण दहा टक्के, घट केली की रबर टोकांवर नीट बसतं. टायरवर नक्षी हवी हा मात्र गैरसमज आहे. पाण्यावर तरंगण्याची भीती मोटारींना असते; नासाच्या विमान-टायरांवरच्या प्रयोगांतून निघालेलं सूत्र लावलं तर 60 पीएसआय इतका हवेचा दाब असलेल्या टायरला त्यासाठी ताशी 130 किलोमीटरच्या आसपास वेग लागेल.

वळणावर लागणारं घर्षण वेगाच्या वर्गाने वाढतं. 15 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 30 ने घेतलं तर सायकल सुमारे 25 अंश कलते आणि रस्त्याकडून 0.47 इतकं घर्षण मागते. ताशी 20 ने घेतलं तर 12 अंश आणि 0.21. ब्रेक वळणाआधी मारून व्हायला हवा. वळणात मारला तर तेच घर्षण वळणं आणि थांबणं या दोघांत वाटलं जातं.

आता हे सगळं गटात घालून बघा. पुढच्याने ब्रेक दाबला, दुसऱ्याला ते कळायला अर्धा-एक सेकंद, मग तो थोडा जास्त जोरात दाबतो, तिसरा त्याहून जास्त. रांगेच्या शेपटाला ही लाट धडकते तेव्हा तिथे अक्षरशः थांबावं लागतं. जपानमध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 230 मीटर परिघाच्या वर्तुळात 22 मोटारी चालवून दाखवलं होतं (2008), की कुठलाही अडथळा नसतानाही अशी लाट आपोआप तयार होते. पावसात हा उशीर आणखी वाढतो. सर्वांत वाईट जोडी म्हणजे पुढे डिस्कवाला आणि त्याच्या चाकाला चिकटून मागे रिमवाला. म्हणून उताराच्या माथ्यावर थांबून क्रम बदलावा: रिमवाले पुढे, डिस्कवाले मागे, पाच-सहा जणांच्या तुकड्या, दोन तुकड्यांत मोठं अंतर. उतारावर हाताचे इशारे बंद, तोंडाने ओरडायचं, कारण दोन्ही हात लिव्हरवर हवेत.

अंतर ठेवायला आणखी एक कारण आहे. मागच्या चाकावरून सुटणारं पाणी सायकलीच्याच वेगाने वर उडतं. हवेचा विरोध सोडला तर ताशी 20 ला ते जमिनीपासून 1.9 मीटरपर्यंत जाऊ शकतं, आणि 45 अंशांत सुटलेलं थेंब सायकलीच्या मागे तीनेक मीटरवर पडतं. नेमकं मागच्याच्या डोळ्यांत. मडगार्ड सीटखाली संपणारा नको. मागे खालपर्यंत येणारा आणि शेवटी रबरी पट्टी असलेला हवा. तो नसलेल्याने सरळ रांगेच्या शेवटी जावं.

थंडीचंही गणित आहे. चढावर घामाने भिजलेले कपडे उतारावरच्या वाऱ्यात वाळू लागतात, आणि 100 ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे 240 किलोज्यूल उष्णता लागते. ती बरीचशी अंगातूनच जाते. बोटं बधिर झाली की लिव्हरवरचा ताबा सुटतो, म्हणून जाकीट माथ्यावर चढवायचं, खाली पोहोचून नव्हे.

पावसात पंक्चर जास्त होतात, कारण पाणी वंगणासारखं काम करतं आणि काच रबरात सहज शिरते. ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, पॅच निघून येतो, त्यामुळे सुटी ट्यूब जवळ असावीच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवू नका. कापडाचा तुकडा फिरवा. काच असेल तिथे तो अडकतो.