अरोवानाने संकट अंगावर घेतलं नव्हतं

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा अरोवाना गेला. पावणेदोन फूट लांब, चांदीच्या पट्टीसारखा मासा, चार वर्षं जिवापाड सांभाळलेला. भेटायला येणारा प्रत्येक जण काकूंना एकच सांगत होता, "घरावर येणारं संकट त्याने अंगावर घेतलं हो." मी टाकीतलं थोडं पाणी बाटलीत भरून वर आणलं आणि त्यात अमोनियाच्या चाचणीचे थेंब टाकले. अमोनिया नसेल तर हे पाणी पिवळं दिसतं. पाच मिनिटांत ते गर्द हिरवं झालं.

दिवाळीची साफसफाई करताना काकूंनी टाकीही काढली होती. सगळं पाणी उपसलं, खडी बादलीत घासली, फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवला. मग नवं पाणी भरलं. काच लख्ख झाली. चौथ्या दिवशी सकाळी मासा आडवा.

आपलं शरीर प्रथिनांतल्या नायट्रोजनचा युरिया करून तो लघवीवाटे टाकतं. त्यासाठी ऊर्जा खर्च होते. माशाला तो खटाटोप लागत नाही, सभोवार पाणीच असल्याने तो सरळ कल्ल्यांतून अमोनिया सोडून देतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत मात्र जाणार कुठे?

हिशेब करून पाहू. मत्स्यपालनात एक ठोकताळा वापरतात: खाद्याचं वजन गुणिले त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२, म्हणजे पाण्यात येणारा अमोनिया-नायट्रोजन. रोज १५ ग्रॅम खाद्य आणि त्यात ४० टक्के प्रथिनं धरली, तर साधारण ०.५५ ग्रॅम. काकूंची टाकी चार फुटी, पाणी २५० लिटर. म्हणजे लिटरमागे रोज २.२ मिलिग्रॅमची भर. तीन दिवसांत साडेसहा.

आता खरी गंमत, इथे जरा नेटाने वाचा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक NH₃, त्यावर विद्युतभार नाही. दुसरा NH₄⁺, म्हणजे अमोनियम. भार नसलेला NH₃ कल्ल्याच्या पातळ पडद्यातून सहज आरपार जातो, अमोनियमला ते तितकं जमत नाही. कोणतं रूप किती असेल, हे पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे, तेच ठरवतं. २८ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर NH₃ शंभरात एक भागही नसतो. पीएच ८ ला तो सहा टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला चाळीसच्या आसपास. तेवढाच अमोनिया, पण पीएच सातचा आठ झाला की विषारी भाग जवळजवळ दहापट. काकूंच्या टाकीत सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी, पीएच ८. साडेसहा मिलिग्रॅममधला NH₃ झाला सुमारे ०.४. ०.०५ च्या पुढेच कल्ल्यांना इजा होऊ लागते. शिवाय बाहेर NH₃ वाढला की माशाच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडायलाच वाट उरत नाही. तो आत तुंबतो. मासा स्वतःच्याच उत्सर्गाने गुदमरतो.

मग आधीची चार वर्षं तो जगला कसा? त्या बुळबुळीत, तपकिरी स्पंजमुळे. स्पंजावर जिवाणूंचा थर असतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य असतं, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले, आणि तेव्हापासून शतकभर हे काम दोन वेगळ्या गटांचंच मानलं गेलं. २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा गटातले असे जिवाणू सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. त्यांतले काही मिळाले ते माशांच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये! हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या फिल्टरचा डबा उघडून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा जेमतेम मिळते, आणि तेवढ्यातच कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीरही बांधायचं असतं. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना बरेच तास, कधी दिवसही लागतो. म्हणून नवी टाकी 'सायकल' व्हायला, म्हणजे तिच्यात या जिवाणूंची पुरेशी वस्ती बसायला, चार ते सहा आठवडे लागतात. काकूंनी चार वर्षांची ती वस्ती एका दुपारी साबणाने धुऊन टाकली.

लहान गप्पी असते तर कदाचित निभावलंही असतं. मोठ्या माशाचं गणित वेगळं. दुकानातून आणलेला पाच सेंटिमीटरचा ऑस्कर मासा पंचवीसचा झाला, तर लांबी पाचपट वाढते, पण वजन सव्वाशेपट. खाणं आणि अमोनिया त्या वजनाच्या मागोमाग वाढतात. "मासा टाकीएवढाच वाढतो" असं दुकानदार सर्रास सांगतात. ते खोटं आहे. कोंदट टाकीत मासा खुरटतो, ती आजाराची खूण आहे. चंदेरी अरोवाना तर ९० सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला चार फुटी टाकीत नीट वळताही येत नाही.

आणि ते संकटाचं. ड्रॅगनशी साम्य म्हणून चिनी समाजात शुभ मानला गेलेला आशियाई अरोवाना १९७५ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो बहुधा त्याचा दक्षिण अमेरिकी नातेवाईक, चंदेरी अरोवाना. भाग्य आणण्याची जबाबदारी मात्र आपण त्याच्याही डोक्यावर टाकली. मला याचा राग येतो, कारण मासा मेल्यावर 'त्याने संकट घेतलं' म्हटलं की पाणी तपासायची गरजच उरत नाही. पुढच्या महिन्यात त्याच पाण्यात दुसरा मासा येतो.

काकूंना मी हे सगळं वहीत मांडून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मीच मारलं त्याला." मी म्हटलं, "काकू, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." माझ्या जुन्या टाकीतला एक स्पंज, न धुता, ओला असतानाच त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. मासा अजून आणलेला नाही. त्या रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकतात, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील, आणि दर रविवारी टाकीतलं पाणी चाचणीच्या नळीत घेऊन वर येतात. काल पाचवा रविवार होता. पहिल्यांदाच पाणी पिवळं राहिलं.