पाऊस माथ्यावर, झरा तळाशी

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ग्रँड कॅनियनच्या उत्तर कड्यावर पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण 65 सेंटिमीटर पाणी पडते. जळगाव जिल्ह्याची पावसाची सरासरीही त्याच्या फारशी पुढे नाही. तरीही त्या कड्याच्या तळाशी, जिथे वर्षभरात 25 सेंटिमीटरही पाऊस होत नाही अशा तापलेल्या दरीत, खडकातून बारमाही धबधबे फुटलेले दिसतात. आणि आपल्याकडे सातपुड्यातून उतरणाऱ्या कितीतरी नद्या होळीच्या सुमारासच कोरड्या पडतात. हा फरक समजून घ्यायचा तर पावसाच्या आकड्यापेक्षा खडकाकडे पाहावे लागते, आणि ग्रँड कॅनियनचा खडक पाहायला नदीतल्या नावेइतकी चांगली जागा नाही.

कोलोरॅडो नदी या दरीतून सुमारे 446 किलोमीटर वाहते. लीज फेरी या ठिकाणी राफ्ट पाण्यात उतरतात आणि केवळ वल्ह्यांच्या जोरावर संपूर्ण दरी पार करायला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकी संशोधक लाकडी होड्या घेऊन याच मार्गाने गेला. सुमारे 51 किलोमीटरवर त्याला उघड्या कड्यातून कोसळणारे पाणी आणि त्याभोवती माजलेली हिरवाई दिसली, तेव्हा त्याने जॉर्ज वेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्या जागेला ‘वेसीज पॅराडाइज’ असे नाव दिले. आज याच नदीवरून वाटाड्यांसह निघणाऱ्या काही मोहिमा झऱ्यांच्या रक्षणाला हातभार लावतात. प्रवाशांसोबत अभ्यासक असतो आणि जमलेल्या पैशांतला वाटा झऱ्यांच्या नोंदींसाठी जातो. फ्लॅगस्टाफ शहरातील स्प्रिंग्ज स्ट्यूअर्डशिप इन्स्टिट्यूट ही संस्था अशा नोंदींचेच काम करते. तिथल्या अनेक झऱ्यांपर्यंत रस्ता जात नाही, त्यामुळे राफ्ट ही केवळ हौस राहत नाही, ती कामाची गाडी होते.

झऱ्यावर पोहोचल्यावर मोजमाप सुरू होते. पाण्याचे तापमान, त्यात विरघळलेले क्षार, काठावरच्या वनस्पती, गोगलगायी आणि कीटक यांची नोंद होते. पण सर्वांत मोलाचा आकडा प्रवाहाचा, आणि लहान झऱ्याचा प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ पुरते. समजा, 15 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली, तर तो झरा दिवसाला 32,400 लिटर पाणी देतो. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने ही जवळपास 590 माणसांची दिवसाची गरज झाली. बोटाएवढी धार एका वाडीला पुरते, हे बादली समोर ठेवल्याशिवाय खरे वाटत नाही.

हे पाणी येते कुठून? उत्तर कड्यामागे कैबाब नावाचे जंगलाचे पठार आहे. तिथे हिवाळ्यात साठलेला बर्फ हळूहळू वितळतो आणि चुनखडीच्या खडकातील विवरांत उतरतो. किंचित आम्ल असलेल्या पाण्याने चुनखडी विरघळून आत भुयारे झालेली आहेत. पाणी त्यांतून खाली जात राहते आणि शेवटी ब्राइट एंजल शेल या चिकणमातीच्या घट्ट थराशी अडते. पुढे जायला वाट नसल्याने ते आडवे सरकते आणि कड्याच्या कुशीतून बाहेर पडते. पठारावरच्या विवरांत निरुपद्रवी रंग सोडून शास्त्रज्ञांनी पाहिले, तेव्हा तो 20 किलोमीटरहून अधिक अंतर कापून काही आठवड्यांतच झऱ्यांत उतरलेला आढळला. याचा अर्थ असा की झऱ्याच्या तोंडाशी कुंपण घालून झरा वाचत नाही. त्याची खरी राखण माथ्यावरच्या, झऱ्यापासून दूर असलेल्या जंगलात करावी लागते.

सातपुड्यात चुनखडीऐवजी काळा पाषाण आहे, आणि तो विरघळत नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर घडला. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि भेगाळलेला, तर पोट घट्ट असते. पाणी सच्छिद्र भागातून झिरपते आणि घट्ट पोटावर अडून डोंगराच्या उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. तत्त्व तेच, पण कोठार फार लहान. त्यातच आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो. त्याला थोपवून धरणारा बर्फ नाही. ते काम झाडांच्या मुळांना आणि पालापाचोळ्याला करावे लागते, आणि उतार उघडा पडला की पाणी आत शिरण्याआधीच तापीकडे धावत सुटते.

डोंगराच्या पायथ्याशी चित्र पुन्हा बदलते. चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याला लागून गोटे, वाळू आणि माती यांचा जाड पट्टा आहे, त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेली नदी या पट्ट्यात शिरली की पाणी दगडगोट्यांत झपाट्याने मुरते. खाली केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या विहिरी आणि बोअर यांच्या साठ्यात भर घालणारी ही मोठी जागा आहे. उपसा वाढत गेला आणि पाण्याची पातळी खोल गेली, याचे दुःख रावेर-यावलच्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. बोअर किती फूट न्यायचा यावर आपण तावातावाने बोलतो. ज्या गोट्यांच्या पट्ट्यातून पाणी आत जाते, त्याबद्दल मात्र बोलतच नाही, याची मला खंत वाटते.

हे ज्ञान आपल्या मुलखाला नवे नाही. फारुकी राजांच्या काळी खानदेशची राजधानी असलेल्या, आज मध्य प्रदेशात गेलेल्या बऱ्हाणपुरात 1615 मध्ये, मुघल सरदार अब्दुर रहीम खानखानान याच्या काळात, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून सरकणारे पाणी भुयारांत गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, ही ती रचना. इराणच्या वाळवंटी मुलखात अशा भुयारांना कनात म्हणतात. भुयारांवर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. वाळवंटातली ही विद्या तापीकाठी चार शतके टिकली, कारण बांधणाऱ्यांनी पाणी कुठून येते हे आधी ओळखले होते.

मागच्या मे महिन्यात रावेर तालुक्यातल्या पालच्या जंगलात एका कोरड्या नाल्यात एक आजीबाई झिरा, म्हणजे वाळूतला पाण्याचा खड्डा, उकरताना दिसल्या. त्यांनी हातांनी वाळू बाजूला केली, आधी आलेले गढूळ पाणी वाटीने दोन-तीनदा उपसून टाकले आणि शांत बसून राहिल्या. हळूहळू तळातून नितळ पाणी वर आले. वाळूखाली घट्ट पाषाण असल्याने वरच्या झऱ्यांचे पाणी तिथे अडून राहते, म्हणून हे जमते. पूर्वी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, या नाल्याला वाहते पाणी असायचे, असे त्या म्हणाल्या. त्यांचा हंडा भरायला सव्वीस मिनिटे लागली आणि झिरा माझ्या कोपराच्या वर चार बोटे खोल होता. दोन्ही आकडे मी तारखेसह वहीत लिहून ठेवले आहेत. येत्या मे महिन्यात त्याच जागी पुन्हा मोजणार आहे.