बेरीज आधी की कमाल आधी?

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या टूलमध्ये प्रत्येक टीमचा सर्वाधिक भाराचा आठवडा काढला, की तक्त्याच्या 'टोटल' ओळीवरून हमखास वाद होतो. वरच्या आकड्यांची बेरीज एक येते आणि टोटल त्याहून कमी दिसते. मग 'टूलमध्ये बग आहे' असं ठरवून लोक मोकळे होतात. बग नसतो. टोटल म्हणजे वरच्या ओळींची बेरीज, ही आपली एक्सेलची सवय. पॉवर बीआय वरच्या ओळी बघतही नाही. ते टीमचा फिल्टर काढतं आणि तेच सूत्र सगळ्या डेटावर नव्याने चालवतं.

समजा, चार आठवड्यांत अ टीमचे तास १२०, १८०, १४०, ११० आहेत आणि ब टीमचे १५०, ९०, १६०, २००. अ-चं शिखर १८०, ब-चं २००, मिळून ३८०. पण आधी दोघांचे तास आठवडावार मिळवले तर २७०, २७०, ३००, ३१० होतात आणि त्यांतला कमाल आकडा ३१०. अ-वर ताण दुसऱ्या आठवड्यात येतो, ब-वर चौथ्यात. सगळ्यांची शिखरं एकाच आठवड्यात आली तरच दोन्ही उत्तरं जुळतात. एरवी बेरजेचं शिखर शिखरांच्या बेरजेपेक्षा कमीच भरतं, जास्त कधीच नाही.

हा फरक थेट माणसांच्या संख्येत उतरतो. माणशी आठवड्याला ४० तास धरले आणि कामं एकमेकांना देता येत असतील, तर ८ जण पुरतात. टीम बंदिस्त असतील, तर ५ आणि ५ असे १० लागतात. वीजक्षेत्राला हे गणित फार जुनं आहे. १८९२ साली शिकागो एडिसन कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या सॅम्युएल इन्सल यांनी ट्राम, कारखाने, घरं असे वेगवेगळ्या वेळी शिखर गाठणारे ग्राहक जोडत नेले, म्हणजे त्याच यंत्रांवर जास्त वीज विकता येईल. सुट्या शिखरांची बेरीज भागिले एकत्रित शिखर, याला अभियंते डायव्हर्सिटी फॅक्टर म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ३८० भागिले ३१०, म्हणजे सुमारे १.२३.

आता सूत्र. नुसतं 'मॅक्स' लावलं तर तासांच्या नोंदींतली सर्वांत मोठी एकच नोंद मिळते, एखाद्या दिवसाचे ९ तास वगैरे. आठवड्याशी तिचा संबंध नाही. हवं ते असं:

शिखर = मॅक्सएक्स( व्हॅल्यूज( कॅलेंडर[सोमवार] ), कॅल्क्युलेट( सम( काम[तास] ) ) )

व्हॅल्यूज आठवड्यांची यादी देतं (प्रत्येक आठवडा त्याच्या सोमवारच्या तारखेने ओळखायचा), मॅक्सएक्स त्या यादीतून एकेक आठवडा घेत जातं. खरी गंमत कॅल्क्युलेटमध्ये आहे. ते वगळलं तर 'सम'ला आपण कोणत्या आठवड्यावर उभे आहोत हे कळतच नाही. यादीतली चालू ओळ म्हणजे रो कॉन्टेक्स्ट, आणि 'सम' ऐकतं फक्त फिल्टर कॉन्टेक्स्टचं, म्हणजे त्या क्षणी लागू असलेल्या फिल्टरांचं. त्यामुळे टोटल ओळीत चारही आठवड्यांना ते एकच उत्तर देतं, सगळ्या तासांची बेरीज ११५०, आणि शिखरही ११५० छापलं जातं. कॅल्क्युलेट चालू ओळीचं फिल्टरमध्ये रूपांतर करतं. याला कॉन्टेक्स्ट ट्रान्झिशन म्हणतात. 'सम'च्या जागी आधीच तयार केलेलं मेजर, म्हणजे नाव देऊन जतन केलेलं सूत्र, वापरलं तर कॅल्क्युलेट न लिहिताही चालतं, कारण मेजरभोवती ते आपोआप गुंडाळलेलं असतं. दिसायला एकसारखी दोन सूत्रं वेगळी उत्तरं का देतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. बंदिस्त टीमचा ३८० हवा असेल तर बाहेरून एक समएक्स लावून टीमच्या यादीवर हेच मेजर फिरवायचं.

आठवड्याची ओळख म्हणून आठवड्याचा क्रमांक वापरू नका. दोन वर्षांचा डेटा असला की दोन्हीकडचे दहावे आठवडे एकत्र होतात. वर्ष जोडूनही भागत नाही: आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत २९ डिसेंबर २०२५ हा २०२६च्या पहिल्या आठवड्याचा सोमवार आहे. '२०२५-१' अशी खूण केली तर डिसेंबरचे शेवटचे तीन दिवस जानेवारी २०२५च्या सुरुवातीला जाऊन चिकटतात आणि खोटं शिखर उभं राहतं. त्यापेक्षा प्रत्येक तारखेला तिच्या आठवड्याचा सोमवार द्या: तारीख वजा वीकडे(तारीख, २) अधिक १.

महिन्याचा स्लायसर, म्हणजे अहवालाच्या पानावरचा निवडीचा फिल्टर, हाही असाच घात करतो. २९ जून २०२६च्या आठवड्यातले दोन दिवस जूनमध्ये पडतात, बाकीचे जुलैत. सर्वाधिक भार नेमका त्याच आठवड्यात असेल तर तो कुठल्याच महिन्यात पूर्ण दिसणार नाही. स्लायसर सोमवारच्या स्तंभावर लावा.

'डॅशबोर्डला साध्या भाषेत विचारा, एआय उत्तर देईल' या जाहिरातींचा इथे काही उपयोग नाही. 'एकूण शिखर किती?' याला ३१० आणि ३८० ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि माणसं टीमबाहेर हलवता येतात की नाही हे डेटात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मेजरच्या नावातच ते लिहा: 'एकत्रित शिखर' आणि 'टीमवार शिखरांची बेरीज'.