शब-ए-कद्र सत्ताविसावीलाच? तसं ठरलेलं नाही

आमच्या जळगावात रमजानचा सव्विसावा रोजा सुटला की मशिदी पहाटेपर्यंत भरलेल्या. (दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला बदलतो, म्हणून तेव्हाच सत्ताविसावी रात्र लागते.) त्यावरून कित्येकांची पक्की समजूत झालीय, की शब-ए-कद्र, म्हणजे कुरआन उतरलं ती रात्र, हीच.

कुरआनच्या ९७व्या सुरेत (अध्यायात) पाचच आयती (वचनं) आहेत. ही रात्र हजार महिन्यांहून, म्हणजे ८३ वर्षांहून अधिक काळाहून श्रेष्ठ, असं त्यात आहे. तारीख मात्र नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) पैगंबरांचं सांगणं आहे, की रमजानच्या शेवटच्या दहांतल्या विषम रात्रींत ती शोधा. म्हणजे २१, २३, २५, २७, २९. पैगंबरांचे साथी उबय इब्न काब यांनी सत्ताविसावी शपथेवर सांगितली होती, म्हणून तिचा मान मोठा. पण बाकीच्या चार रात्री झोपून घालवायच्या, हे मला पटत नाही.

मशिदीच्या कोपऱ्यात चादर बांधून एतेकाफला (शेवटचे दहा दिवस मशिदीतच राहून इबादत करायला) बसलेले चाचा बघा. रेहलवर (ग्रंथ ठेवायच्या घडीच्या स्टँडवर) कुरआन, उशाशी पाण्याची बाटली. त्यांची एकही रात्र चुकत नाही. पैगंबरांनी आपल्या पत्नी हजरत आयेशांना शिकवलेली दुआ ओठांवर असते: अल्लाह, तू माफ करणारा आहेस, तुला माफी आवडते, मला माफ कर.