मानकुरादमधला 'न' आणि म्युटेशन

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद दिसायला लागला की मला म्युटेशन हा शब्द आठवतोच. पोर्तुगीजांनी या आंब्याला 'मालकोराद' म्हटलं, माल म्हणजे वाईट आणि कोराद म्हणजे रंगाचा, थोडक्यात रंगाने मार खाल्लेला आंबा! पुढे लोकांच्या तोंडी 'ल' चा 'न' झाला, मूळ अर्थ पार पुसला गेला, आंबा मात्र होता तसाच गोड राहिला.

आता म्युटेशन. लॅटिनमधे म्युटारे म्हणजे बदलणं, पोर्तुगीजमधलं मुदार त्याच घरातलं. इंग्रजीत त्याची भावंडं भरपूर आहेत पण ओळखू येत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यानंतर मोर पिसारा टाकतो ना, त्या पिसं टाकण्याला इंग्रजीत मोल्ट म्हणतात, तो शब्दही म्युटारेचाच, आणि गंमत म्हणजे त्यात मुळात 'ल' नव्हताच, 'फॉल्ट' वगैरे शब्दांच्या संगतीने तो नंतर घुसला. म्हणजे आपल्या आंब्यातला 'ल' गेला आणि तिथे नसलेला आला. रोज पणजीला बसने जाणाऱ्यांचं कम्यूट पण इथलंच, अमेरिकेत १९व्या शतकात रेल्वेचे रोजचे भाडे बदलून एकदाच कमी पैशात पास द्यायचे, तो कम्युटेशन पास.

म्युटेशन हा शब्द इंग्रजीत शेकडो वर्षं साध्या 'बदल' या अर्थाने चालू होता. विज्ञानात तो गाजवला ह्यूगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८८६मधे त्याला हिल्व्हरसमजवळ बटाट्याच्या पडीक शेतात रानटी ईव्हनिंग प्रिमरोझची झाडं दिसली, त्यातली काही बाकीच्यांपेक्षा एकदम वेगळी. नवीन जात एका झटक्यात तयार होते असं त्याने १९०१ला मांडलं आणि त्या झटक्याला म्युटेशन म्हटलं. त्याच्या त्या झाडांमधले बहुतेक बदल गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या, उलथापालथीचे निघाले, नव्या जातींचे नव्हेत, म्हणजे उदाहरण चुकलं पण शब्द राहिला, मला हे फार आवडतं.

आज म्युटेशन म्हणजे डीएनएच्या मजकुरातला बदल, मराठीत उत्परिवर्तन. माणसाच्या डीएनएत साधारण ३ अब्ज अक्षरं, पेशी दुभंगताना ती सगळी उतरवून काढायची, तपासणी करणारी एन्झाइम्स असतात तरी एखादं अक्षर निसटतंच. प्रत्येक बाळात आईबाबांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात आणि बहुतेकांचं काहीच होत नाही, अगदी मानकुरादच्या 'न' सारखं.

पण कधीकधी एकच अक्षर पुरतं. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ए च्या जागी टी आला की प्रथिनातलं सहावं अमिनो आम्ल बदलतं आणि लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, हाच सिकल सेल. आईकडून आणि बाबांकडून दोन्हीकडून हा बदल आला तर आयुष्यभराचं दुखणं, पण एकाकडूनच आला तर माणूस सहसा धडधाकट असतो, वर गंभीर मलेरियापासून बराच वाचतो, म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात हा बदल पिढ्यानपिढ्या टिकून राहिला.